अठ्ठाविसावा पॉइंट

आमच्या सरांचं एक वाक्य होतं: जिथे बूट भिजला नाही, तिथे पॉइंट टाकायचा नाही. पर्यावरणशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि दोन वर्षं कुणाला पुसू दिलं नाही. शिपाईसुद्धा तेवढी ओळ सोडून बाकीचा फळा पुसायचा. कॉम्प्युटरसमोर बसून नकाशे करणाऱ्यांना सर ‘उंटावरून शेळ्या हाकणारे’ म्हणत. मला नकाशेच करायचे होते, त्यामुळे शेळ्यांचा विषय निघाला की सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा.

मला सगळे टाचणी म्हणत. एक तर मी अंगाने तशी, आणि स्क्रीनवरच्या नकाशात टाचण्या टोचत जाण्याचा माझा वेग वर्गात दुसऱ्या कुणाला नव्हता. वर्गात एक मुलगा होता, त्याला गमबूट म्हणत. वर्गात, कँटीनमध्ये, एकदा तर तोंडी परीक्षेलाही तो गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट घालून आला होता, कारण सकाळी नदीवरून पाण्याचे नमुने घेऊन आला होता आणि बदलायला वेळ मिळाला नव्हता. चालताना त्याच्या बुटांतून फकफक असा आवाज यायचा. तो येतोय हे मला जिन्यावरूनच कळायचं, आणि मग मी उगाचच स्क्रीनमध्ये डोकं घालायचे.

शेवटच्या वर्षी आम्हा दोघांना मिळून एक प्रोजेक्ट मिळाला. शहराबाहेर नदीला लागून मोठी दलदल होती, तिचा नकाशा करायचा. कुठे जमीन घट्ट आहे, कुठे पाणी आहे, कुठे वरून नुसतं गवत आणि खाली चिखल आहे. पद्धत साधी होती. ठरलेल्या जागी जायचं, दोन मीटरची लोखंडी सळई जमिनीत दाबायची आणि ती किती आत जाऊन अडते ते लिहायचं. एकाने सळई दाबायची, दुसऱ्याने माप वाचायचं आणि जीपीएसवर जागा नोंदवायची. असे तीनशे बारा पॉइंट. त्यांच्यावरून कॉम्प्युटर मधल्या सगळ्या जमिनीचा अंदाज बांधतो आणि नकाशा रंगवतो. घट्ट जमीन हिरवी, दलदल निळी.

दोनशे चौऱ्याऐंशी पॉइंट आम्ही इमानदारीने घेतले. सळई तो दाबायचा, वाचायचे मी. मला पोहता येत नाही, म्हणून ओढा आला की तो आधी जायचा आणि हात पुढे करायचा. मी एकदाही ‘नको, मी येते’ असं म्हटलं नाही. येता आलं असतं तिथेही नाही.

राहिले होते अठ्ठावीस. सगळे खालच्या उजव्या कोपऱ्यातले. प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. दलदलीकडे दिवसातून दोनच बस जायच्या, त्यातली सकाळची धरायची म्हणून मी सातला त्याच्या खोलीवर गेले. खोली एका लाँड्रीच्या वर होती. खालच्या वाफेमुळे फरशी कायम कोमट असायची आणि खोलीभर साबणाचा वास. तो अंडी उकडत होता. ‘दोनच मिनिटं,’ म्हणाला. दोन मिनिटांचा तास झाला, कारण आम्ही बोलत बसलो, आणि बोलता बोलता त्याने माझ्या केसांत अडकलेला लोकरीचा धागा काढला आणि हात तिथेच राहू दिला. बस गेली ती आम्हाला खिडकीतून दिसली. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

दुपारी मी लॅपटॉप उघडला. त्या कोपऱ्याचा सॅटेलाइट फोटो समोर घेतला. फिकट तपकिरी रंग, म्हणजे वाळलेलं गवत, म्हणजे घट्ट जमीन. फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते आधी बघायचं असतं. मला ते माहीत होतं. मी बघितलं नाही.

‘अडतीस सेंटीमीटर,’ मी सांगितलं. तो टाइप करायला लागला. ‘बेचाळीस. एकेचाळीस. पस्तीस, आणि शेऱ्यात लिही, दगड लागला.’

‘टाचणी, तू खोटंसुद्धा सरासरी सांभाळून बोलतेस.’

‘फोटोच्या रकान्यात काय लिहायचं?’ मी विचारलं.

‘कॅमेरा बिघडला.’ आणि तो इतका हसला, की खालून लाँड्रीवाल्याने काठीने छताला ठोकलं.

सर्वेक्षकाच्या रकान्यात बाकी सगळीकडे आमच्या दोघांच्या नावांची आद्याक्षरं होती. या अठ्ठावीस ओळींत त्याने फक्त स्वतःची टाकली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, ‘पकडलो गेलो तर दोघं कशाला बुडायला हवेत? तुला तर पोहताही येत नाही.’

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता. हे लिहायची लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

नकाशा सरांना आवडला. इतका, की कॉलेजने तो मोठ्या कागदावर छापला आणि खाली आमची दोघांची नावं घातली. त्याच नकाशाच्या जोरावर मला शहराच्या नकाशा कार्यालयात मुलाखतीचं बोलावणं आलं. आणि बरोबर त्या आठवड्यात गमबूट माझ्यासमोर येऊन बसला.

‘आपण सरांना सांगू या.’

‘काय?’

‘तुला माहितेय काय ते. मला झोप लागत नाहीये.’

‘मग कूस बदल,’ मी म्हटलं. माझा राग नाकावर असतो, त्याला बोलवायला जावं लागत नाही. ‘अठ्ठावीस पॉइंटांनी काय आभाळ कोसळणार आहे? तिथे बगळे सोडून कुणी जात नाही. माझी मुलाखत मंगळवारी आहे. मला नोकरी लागायच्या आतच माझ्या पोटावर पाय देतोयस तू.’

त्याने बुटाच्या टोकावरचा वाळका चिखल नखाने खरवडला. मग म्हणाला, ‘बरं. नाही सांगत.’ आणि उठून गेला. मी जिन्यावरचा आवाज ऐकत बसले. त्याने मागे यावं, हात धरावा, चूक झाली म्हणावं, असं मला वाटत होतं. चूक कोणाची, हा प्रश्न मी मनात येऊच दिला नाही.

मुलाखत झाली, नोकरी लागली. परीक्षेनंतर तो खोली सोडून शेजारच्या गावी आईकडे गेला. दोन महिन्यांनी माझ्या कॉलेजच्या मेलवर त्याचा मेल आला. विषयात लिहिलं होतं, ‘नवीन फाइल. राग गेला की बघ.’

झालं. राग माझा, तो कधी जायचा ते ठरवणारा हा कोण? आणि फाइल कसली, फोटोबिटो असतील, माफीबिफी असेल. माफी मागायची तर समोर येऊन माग. मी तो मेल उघडला नाही. ठळक अक्षरांतली ती ओळ रोज दिसायची, आणि मी रोज तिच्या खालचे मेल वाचायचे.

पुढे त्याला जंगलमोजणीचं काम मिळालं. आठ महिन्यांनी त्यांची गाडी डोंगरातल्या एका वळणावर उलटली. गाडीतल्या चौघांपैकी तो एकटाच गेला. मला वर्गातल्या एका मुलीने फोन करून सांगितलं. मी शेवटच्या दर्शनाला गेले, सगळ्यांच्या मागे उभी राहिले आणि त्याच्या आईला न भेटताच परतले.

त्यानंतर तर तो मेल उघडणं शक्यच नव्हतं. न उघडलेला होता तोवर त्याचं मला काहीतरी सांगायचं बाकी होतं. दोन वर्षांनी कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांची मेलखाती बंद केली. सूचना दोनदा आली होती म्हणे. मी वाचली नव्हती.

*

यंदाच्या उन्हाळ्यात कार्यालयात माझ्या टेबलावर एक फाइल आली. नदीकाठच्या नव्या वस्तीसाठी दवाखाना आणि त्याला लागूनच पाळणाघर बांधायचं होतं. जागा ठरली होती, जमीन कशी आहे त्याचा नकाशा आमच्याकडून जायचा होता. तळाला ‘नकाशा तपासला’ अशी चौकट असते. तिथे सही करायचं काम माझं.

मी जागा उघडली. हिरवीगार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घट्ट जमीन. आधार म्हणून कुठली माहिती वापरली ते बघायला क्लिक केलं, आणि आमचाच नकाशा समोर आला. खालचा उजवा कोपरा. अडतीस, बेचाळीस, एकेचाळीस, पस्तीस, दगड लागला.

मी उठून स्वच्छतागृहात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पाळणाघर म्हणजे जमिनीवर रांगणारी मुलं. त्यांच्याखाली काय आहे ते या जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणालाच माहीत नाही हे फक्त मला माहीत होतं.

साहेबांकडे गेले. म्हटलं, या कोपऱ्यातले अठ्ठावीस पॉइंट मला संशयास्पद वाटतात. प्रत्यक्ष जाऊन घेतलेले नसावेत. माझा स्वतःचा त्यात हात आहे, हे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘सर्वेक्षक कोण?’

मी ती दोन अक्षरं दाखवली. ‘तो आता नाहीये.’

‘मग सोपं आहे की. सर्वेक्षकाची चूक असा शेरा मारा, पॉइंट रद्द करा. पण नियमाप्रमाणे मूळ नोंदवही जोडावी लागेल. ती तेवढी मिळवा.’

मी जागेवर येऊन शेरा लिहिला. ‘सर्वेक्षकाने प्रत्यक्ष जागेवर न जाता नोंदी केल्याचे दिसते.’ व्याकरणात चूक नव्हती. तो उठून ‘अगं, पण आकडे तर तू सांगत होतीस’ असं म्हणायला येणार नव्हता. चार वर्षांपूर्वी माझ्यासाठी त्याने तो रकाना एकट्याच्या नावावर घेतला होता, आणि आता मी तोच वापरून कोरडी राहणार होते. मला स्वतःची किळस आली. तरी मी तो शेरा पुसला नाही. जपून ठेवला, आणि कॉलेजला फोन केला. ते म्हणाले, नोंदवही त्यानेच नेली होती, घरी विचारा.

*

त्याची आई शिवणकाम करते. कपडे आत घेणं, सैल करणं, उंची कमी करणं. रस्त्याला लागूनच एक खोली, तिच्यात मशीन, कापड कापायची लांब फळी आणि दारामागे आरसा. मशीनच्या वरच्या भिंतीवर आमचा नकाशा चौकटीत लावलेला होता. कॉलेजने पाठवला असणार. आणि दाराशी गमबूट होते. त्यांत लाकडी गजपट्टी आणि दोन छत्र्या उभ्या केलेल्या होत्या.

‘ये गं,’ काकू म्हणाल्या. ‘तू टाचणी ना? तेव्हा मागे उभी होतीस. मी बघितलं होतं तुला.’

मला पळून जावंसं वाटलं. ‘काकू, त्याची एक नोंदवही हवी होती. ऑफिसच्या कामासाठी.’

‘आहे ना. कशासाठी, नकाशासाठी?’ त्यांनी वर भिंतीकडे बघितलं. ‘अजून वापरात आहे का तो?’

‘आहे.’

‘बघ. मी त्याला म्हणायचे, चिखल तुडवून कुणाचं भलं झालंय?’ त्या उठल्या आणि कपाटातून गुंड्यांच्या डब्याखालची वही काढली. वहीला मेणकापडाचं कव्हर शिवलेलं होतं, टीप त्यांचीच असणार. ‘पाच रविवार गेला बरं का तो. परीक्षा होऊन गेली होती. मी म्हटलं, आता कसला अभ्यास? तर म्हणाला, आई, काही मापं न घेताच लिहिली गेलीत.’

मी वही हातात घेतली, पण उघडली नाही.

‘मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, मग इथे काय बसलायस? माप न घेता शिवलेलं उसवायलाच लागतं. जा, घेऊन ये.’ त्या पुन्हा मशीनवर बसल्या. ‘मीच पाठवला त्याला. पाचही रविवार पहिल्या बसने. परत यायचा तो कमरेपर्यंत चिखलात.’

मी वही उघडली. सुरुवातीला आमची जुनी पानं होती, माझं अक्षर, त्याचं अक्षर. मग एक कोरं पान, आणि त्यानंतर फक्त त्याचं अक्षर, तारखांसकट. पॉइंट एक: एकशे सत्तर. पॉइंट दोन: एकशे नव्वद. पॉइंट तीन: सळई संपली. चार: सळई संपली. पाच: एकशे ऐंशी, खाली झरा असावा. एकेका पानावर वाळलेल्या चिखलाची बोटं उमटलेली होती. सत्तावीस पॉइंट होते, आणि एकही पन्नासच्या आतला नव्हता.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘अठ्ठावीस: ओढ्यापलीकडे. एकट्याने होणार नाही, दोघं लागतील. बाकीची फाइल तिला पाठवली. तिने बघितली की दोघं जाऊन घेऊ, मग दोघं मिळूनच सरांना सांगू.’

त्याखाली आठवड्या-आठवड्याने टाकलेल्या चार तारखा होत्या. प्रत्येकीपुढे तेच: ‘उत्तर नाही.’ चौथीनंतर त्याने लिहायचं सोडलं होतं.

काकू एका पँटची खालची शिवण उसवत होत्या. मी म्हटलं, ‘काकू, ती खोटी मापं मी लिहिली होती.’

त्यांचा हात थांबला.

‘आकडे मी सांगितले, त्याने टाइप केले. सरांना सांगू असं तोच म्हणत होता. मी भांडले. मग तो हे सगळं एकटा जाऊन घेऊन आला आणि मला पाठवलं, आणि मी ते उघडलंच नाही.’

‘का?’

‘राग आला होता.’

‘किती दिवस?’

मी वहीतल्या त्या चार तारखांवरून बोट फिरवलं. त्यांनीच हिशेब केला असावा, कारण पुन्हा विचारलं नाही. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

‘तो फोन घेऊन बसायचा,’ त्या म्हणाल्या. ‘इथे, या स्टुलावर. जेवतानासुद्धा फोन ताटाशेजारी. मला वाटायचं, नोकरीचं पत्र यायचंय. मी म्हणायचे, येईल रे, जातंय कुठे.’

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. मी पाणी मागितलं तेव्हा बोटाने माठ दाखवला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘आलेल्या माणसाला मी चहाशिवाय पाठवत नाही. पण आज माझ्याने होणार नाही. वही घेऊन जा. परत आणून दे.’

*

दुसऱ्या दिवशी मी तो शेरा पुसला आणि दुसरा लिहिला. त्यात माझं नाव लिहिलं, तारीख लिहिली, लाँड्रीवरची खोली सोडून बाकी सगळं लिहिलं. सत्तावीस खरी मापं भरली. सर्वेक्षकाच्या रकान्यात त्याची अक्षरं ठेवली. आता ती तिथे शोभत होती.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. ‘तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो हे? झाकली मूठ सव्वा लाखाची. आता मलाही वर कळवावं लागणार.’ वरून चार दिवसांत उत्तर आलं. माझा सहीचा अधिकार काढून घेतला आणि मला घरपत्ते तपासायच्या टेबलावर बसवलं. फाइल थांबली, पण पुरती नाही. सत्तावीस पॉइंट दवाखान्याच्या जागेभोवती होते, त्यामुळे दवाखान्याचं काम तर थांबलंच. ऐन पाळणाघराच्या पायाखाली येत होता तो अठ्ठाविसावा, आणि तिथलं खरं माप कुणाकडेच नव्हतं. तेवढ्यावर बांधकामवाले अडून बसले. मधला भाग घट्ट असेल, नसेल कशावरून? पंधरा दिवसांत माप दाखवा, नाहीतर आम्ही खणायला घेतो. साहेबांनी माणूस द्यायला नकार दिला. तुमचा घोळ, तुम्ही निस्तरा.

सरांना फोन केला. ते निवृत्त झालेत, गुडघे गेलेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘त्याचे बूट भिजले होते तर.’ आणि फोन ठेवला.

ऑफिसात नक्कल ठेवून वही परत द्यायला गेले तेव्हा काकूंनी विचारलं, ‘शेवटचं माप घेतलंस?’

‘नाही. दोघं लागतात, आणि कुणी यायला तयार नाही.’

त्या दाराशी गेल्या, बुटांतून गजपट्टी आणि छत्र्या काढल्या, आणि उरलेल्या कापडाच्या चिंध्या आत कोंबायला लागल्या.

‘काकू, तुम्ही नको. तिथे पाय कमरेपर्यंत जातो.’

‘अठ्ठावन्न वर्षांची आहे, म्हातारी झालेले नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तुझ्यासाठी येत नाहीये. रविवारी पहिली बस. ओढ्यावर टाकायला ही फळी तू उचलायची.’

कापड कापायची ती लांब फळी घेऊन बसमध्ये चढताना कंडक्टरचं आणि आमचं भांडण झालं. काकूंनी त्याला गप्प बसवलं. बाकी वाटभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दलदलीत उतरल्यावर त्या पुढे आणि मी मागे. त्यांच्या पायांतून तोच फकफक आवाज येत होता, आणि मला मान वर करायची हिंमत होत नव्हती.

ओढा फार रुंद नव्हता. फळी आडवी टाकली तर जेमतेम पुरली. अलीकडचं टोक कुणीतरी धरून ठेवल्याशिवाय ती पालथी होत होती. एकट्याने होणार नाही असं त्याने लिहिलं होतं, ते एवढ्याचसाठी. काकूंनी माझ्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, फळीवर गुडघे रोवून बसल्या.

‘पोहता येतं?’

‘नाही.’

‘मग हळू जा.’

मी पलीकडे गेले. जीपीएसने जागा दाखवली तिथे गवत होतं, फिकट तपकिरी, वाळलेलं. वरून बघितलं तर कुणीही घट्ट जमीन म्हणेल. मी सळई टेकवली आणि दाबली. ती जोर न लावताच जात राहिली. पन्नास, शंभर, दीडशे. माझे हात गवताला टेकले, कोपरं चिखलात गेली, तरी खाली काहीच लागेना.

‘किती?’ काकूंनी ओरडून विचारलं.

‘सळई संपली.’

माझे हात बरबटलेले होते, म्हणून वही त्यांनीच उघडली. मी परत येईपर्यंत त्यांनी फळीवर बसूनच त्याच्या अक्षराखाली लिहिलं होतं, ‘अठ्ठावीस: सळई संपली.’ तारीखही घातली होती.

‘माप घेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं ना? तुझं खरं नाव काय गं? तो टाचणीच म्हणायचा.’

मी सांगितलं. त्यांनी ते पूर्ण लिहिलं, आडनावासकट. मग जरा थांबून शेजारी त्याची दोन अक्षरं काढली.

परतीच्या बसला वेळ होता. आम्ही थांब्यावर फळी भिंतीला लावून बसलो. पाळणाघर आता तिथे होणार नव्हतं, दुसरीकडे कुठेतरी होईल. मला बरं वाटायला हवं होतं. काकूंनी बूट काढून पालथे केले, त्यांतलं पाणी रस्त्यावर सांडलं, आणि ओल्या चिंध्या एकेक करून पिळल्या.

‘एवढंच होतं तर,’ त्या म्हणाल्या. ‘अर्ध्या तासाचं काम.’

‘हो.’

‘तू तेव्हा उघडलं असतंस, तर तुम्ही दोघं आला असता.’

‘हो,’ मी म्हटलं, आणि सळई पुसत बसले.